गावात जनसुनावणी लागलीय: बोलायचं काय, आणि बोलणार कोण?

बांधावरचा | ३ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या गावाशेजारी साखर कारखाना आहे. कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही, मलाही त्यांनाच ऊस घालायचाय. त्यांच्या डिस्टिलरीचा (जिथे मळीपासून स्पिरिट, इथेनॉल करतात) विस्तार होणार आहे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याच्या आवारात ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’ आहे. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलीय, घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीखाली. यादीत आपलं नाव आलंय का बघायला गेलो म्हणून दिसली.

ओढ्याच्या खालच्या अंगाला चाळीसेक घरांची वस्ती आहे. जमीन जवळजवळ कोणालाच नाही. गेली काही वर्षं पावसाळ्यात त्यांच्या आडाचं पाणी तांबूस येतं, वास येतो. प्यायला वीस लिटरचा जार विकत घेतात, धुणंभांडी मात्र त्याच पाण्यात. माझी विहीर वरच्या अंगाला आहे, मला काही त्रास नाही, हे आधीच सांगतो.

अडचण अशी की दसरा झाला की ती वस्ती ऊसतोडीला जाते. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून बिऱ्हाडासकट निघतात ते उन्हाळ्यातच परत. म्हणजे सुनावणीच्या दिवशी वस्तीत असणार म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरं. ज्यांचं पाणी खराब झालं ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच कारखान्याचा ऊस तोडत असणार.

ग्रामपंचायतीत मराठी सारांश आहे, चौदा पानी. त्यात ‘शून्य द्रव निर्वहन’ असा शब्द चार वेळा आलाय. ग्रामसेवकाला अर्थ विचारला, तर म्हणाले, “काहीतरी चांगलंच असणार.” मूळ अहवाल जाडजूड, इंग्रजीत.

कोणी अशा सुनावणीला गेलंय का? बोलून उपयोग होतो का? नसलेल्या माणसांचं कोण बोलणार?

---

गळीतहंगाम | ३ डिसेंबर, रात्री ११.१५

झालं सुरू. कारखाना निघाला की काहींच्या पोटात दुखतंच. अहो, इथेनॉल आलं म्हणून बिलं वेळेवर मिळायला लागली. कायद्याने चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते, आमच्याकडे दिवाळीचं बिल अक्षय्य तृतीयेला मिळायचं, ते दिवस विसरलात का? मी सभासद आहे, अभिमानाने सांगतो. विस्तार झालाच पाहिजे.

---

बांधावरचा | ३ डिसेंबर, रात्री ११.३२

@गळीतहंगाम, दादा, मीही सभासदच आहे. विस्तार नको असं कुठे लिहिलंय मी? आडाच्या पाण्याचं काय, एवढंच विचारतोय.

---

जुना केमिस्ट | ४ डिसेंबर, सकाळी ७.०५

अठ्ठावीस वर्षं डिस्टिलरीत काढली, आता निवृत्त. त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खाण्याची सवय आहे.

आधी तो शब्द. ‘शून्य द्रव निर्वहन’ म्हणजे कारखान्याच्या कुंपणाबाहेर सांडपाण्याचा थेंबही जाणार नाही. मळीपासून स्पिरिट करताना एक लिटरमागे साधारण दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. लोक त्यालाही ‘मळीचं पाणी’च म्हणतात. रंग कोऱ्या चहाचा, वास जळक्या गुळाचा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) दोन-तीनशे असतो, याचा चाळीस-पन्नास हजार. बायोगॅस काढून घेतला तरी रंग जात नाही. म्हणून झिरपलं की विहीर तांबडी दिसते, आणि वर्षानुवर्षं दिसत राहते.

यावर उपाय आहेत. ते पाणी बाष्पीभवनाने घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात, किंवा प्रेसमडवर (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळावर) शिंपडून खत करतात. दोन्ही चालतं, नीट चालवलं तर. घोळ होतो तो साठवणीच्या तळ्यांत. पावसाळ्यात खताचं अंगण बंद असतं, बाष्पीभवनाच्या संचाची दुरुस्ती निघते आणि तळं काठोकाठ भरतं. अशा वेळी एखादी पावसाची रात्र आली की ‘गळती’ होते. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

सुनावणीत “प्रदूषण बंद करा” म्हणू नका. त्याला “सर्व मानके पाळली जातील” हे छापील उत्तर तयार असतं. हे विचारा: तळ्यात किती दिवसांचं पाणी मावतं? संच बंद पडला तर डिस्टिलरी बंद करणार की तळं भरत राहणार? तळ्याला अस्तर कसलं आहे आणि शेवटचं कधी तपासलं? निरीक्षण विहिरी किती, आणि त्यातली एक तरी वस्तीच्या बाजूला आहे का? ओढ्याच्या वरच्या अंगाला विहिरी खणून ‘भूजल उत्तम’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी पाहिलेत.

---

नीरक्षीर | ४ डिसेंबर, सकाळी ९.४८

वकिली करतो, बऱ्याच सुनावण्यांना हजर राहिलोय. जेवढं उपयोगी तेवढंच लिहितो.

आधार आहे १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना. सुनावणीची सक्ती त्याआधी १९९७ पासूनच आहे. नोटिशीत आणि सुनावणीत किमान तीस दिवस हवेत. घेणार प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. जागा प्रकल्पाची किंवा अगदी जवळची. किती माणसं हवीत याची अट नाही. पाच जण आले तरी सुनावणी झाली. चित्रीकरण होतं. शेवटी मुद्द्यांचं इतिवृत्त तिथल्या भाषेत उपस्थितांना वाचून दाखवायचं असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण तोवर निम्मा मांडव जेवायला गेलेला असतो.

बोलून उपयोग होतो का? ही मतमोजणी नाही. पाचशे जण ‘नको’ म्हणाले म्हणून प्रकल्प थांबत नाही आणि पाचशे जण ‘हवा’ म्हणाले म्हणून एक हरकत पुसली जात नाही. पुढे तज्ज्ञ समिती ते कागद बघते. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये सांगितलं की सुनावणीतल्या हरकतींचा समितीने विचार केला हे कारणांसह दिसलं पाहिजे. पण जी हरकत कागदावरच नाही तिचा विचार कोण करणार?

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. सप्टेंबर २०२० पासून सुनावणीत कंपनीने दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालायची आहेत. म्हणजे “आम्ही वस्तीला पाण्याची लाइन देऊ” हे माइकवर वदवून घेतलंत आणि इतिवृत्तात आलं, तर ती मंजुरीची अट होऊ शकते. मांडवाबाहेर चहा पिताना दिलेला शब्द हवेत जातो.

आता तोडीला गेलेल्यांचं. लेखी निवेदन देता येतं, त्याला हजर राहावं लागत नाही. मंडळाच्या कार्यालयात आधी द्या, नाहीतर त्या दिवशी टेबलावर. पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा.

अवांतर: २०२१ मध्ये एक सवलत आली. आधीची मंजुरी असलेला कारखाना फक्त पेट्रोलात मिसळायच्या इथेनॉलसाठी विस्तार करत असेल तर त्याला ‘ब-२’ गटात टाकलं, म्हणजे सुनावणीच नाही. तुमच्याकडे निदान मांडव तरी पडतोय.

---

ओसरी | ४ डिसेंबर, दुपारी १.२०

हंगामाचं वाचून जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आठवला. तिथली सुनावणी १६ मे २०१० ला झाली. मे महिन्यात कोकणातल्या माणसाला आंब्यातून मान वर करायला सवड नसते. पर्यावरण अहवालाच्या मराठी प्रती सगळ्या ग्रामपंचायतींना वेळेत पोचल्या नाहीत ही तेव्हाची मोठी तक्रार होती. मी तेव्हा राजापुरात शिक्षिका होते. शाळेतला एक पालक म्हणाला होता, “बाई, आमका विचारतत खरा, पण आमी घरात नसताना दार वाजवतत.”

भाषेचं तर विचारूच नका. २०२० मध्ये या सगळ्या नियमांचाच नवा मसुदा आला. सुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणायचे असंही त्यात होतं. तो मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत तो उपलब्ध करा. ज्या नियमांनी गावाला विचारायचं, ते नियमच गावाला वाचता येऊ नयेत!

---

गळीतहंगाम | ४ डिसेंबर, दुपारी २.०२

कोकणाची गोष्ट वेगळी, इथे कोणाची जमीन जात नाहीये. आणि तोडीला जाणारे स्वतःच्या मर्जीने जातात. सुनावणी त्यांच्या सोयीने घ्यायची तर जूनमध्ये घ्यावी लागेल, तोवर कर्जाचं व्याज कोण भरणार, तुम्ही?

---

मधमाशी | ४ डिसेंबर, दुपारी ४.३७

“स्वतःच्या मर्जीने” वाचून हसावं की रडावं कळेना. असो.

@बांधावरचा, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची एक सवय तुमच्या कामाची आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते, त्यामागचा अभ्यासगट कोणी सांगत नाही. निर्णय घेण्याआधी गाव विषय समजून घ्यायला बसतं. हवं तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, तो माहिती देतो, निर्णय गावाचा. आणि तो बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक आहे. त्यामागे कित्येक वर्षांचं हे बसणं आहे.

तुमच्याकडे वनहक्क नाही, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातल्या खाणीवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावं ‘नाही’ म्हणाली, तसला अधिकारही तुम्हाला नाही. पण बसायला कोण अडवतंय? तो चौदा पानांचा सारांश वस्तीत मोठ्याने वाचा. म्हातारी माणसं आहेत म्हणता ना? मग त्यांनाच वाचून दाखवा. आडाची त्यांच्याइतकी माहिती कोणाला असणार!

---

वरळीकर | ४ डिसेंबर, रात्री ९.११

आमचा अनुभव सांगतो. मुंबईच्या कोस्टल रोडचा पूल आम्हा वरळीच्या कोळ्यांच्या क्लीव्हलँड बंदरासमोरून जाणार होता. दोन खांबांत अंतर ठेवलं साठ मीटर. कागदावर होडी सहज जाते. आम्ही सांगत होतो की भरतीला, वाऱ्यात, दोन होड्या समोरासमोर आल्या की साठ मीटर म्हणजे काहीच नाही, एकशेसाठ द्या. साहेब लोक नकाशा दाखवायचे. नकाशात वारा नसतो. जुलै २०१९ मध्ये हायकोर्टाने परवानग्या रद्द केल्या, डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, काम चालू. मग आम्ही होड्या नेऊन काम अडवलं. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात एकशेवीस मीटर मान्य झालं.

जे पहिल्या दिवशी बंदरावर येऊन एक तासात कळलं असतं त्याला चार वर्षं गेली. तुमच्या तळ्यांवर, आडावर कोणी अधिकारी येऊन उभा राहिलाय का? नसेल तर तेच आधी मागा.

---

जर्सीकर | ५ डिसेंबर, पहाटे ४.५०

न्यू जर्सीत राहते. आमच्या शेजारचं न्यूअर्क, त्यातला आयर्नबाउंड भाग. कचरा जाळायची भट्टी, सांडपाण्याचं केंद्र, बंदराचे ट्रक, सगळं तिथेच. २०२० मध्ये राज्याने कायदा केला. तो विचारतो की नवा प्रकल्प येण्याआधी या वस्तीवर आधीच किती भार आहे? अशी वस्ती ठरवायचे निकष तीन, त्यातला कुठलाही एक पुरे. पस्तीस टक्के गरीब घरं, किंवा चाळीस टक्के अल्पसंख्य, किंवा चाळीस टक्के घरांत इंग्रजी नीट न येणारी माणसं. भाषा येत नाही हेच एक कारण कायद्याने धरलंय, हे मला तेव्हा फार विशेष वाटलं.

स्वर्ग आहे असं मात्र समजू नका. कायद्यात पळवाटा आहेत आणि धूर पूर्वीइतकाच येतो.

---

बांधावरचा | १६ डिसेंबर, रात्री ११.५५

उशीर झाला, माफ करा. बरंच घडलंय.

मधमाशीताई, तुमचं ऐकून सारांश वाचला. वस्तीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी. अकरा म्हातारी माणसं आणि सतराएक पोरं. तिसऱ्या पानावर ‘प्रकल्प क्षेत्राच्या खालील बाजूस मानवी वस्ती नाही’ असं वाक्य आलं. मी थांबलो. एक आजोबा म्हणाले, “पुढं वाच की.” मी म्हटलं, “आजोबा, यात लिहिलंय तुम्ही नाही आहात.” ते म्हणाले, “मंग कोण नाही म्हणतंय? दिवाळीपास्नं निम्मं नाहीच की.” सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

नंतर एका मावशींनी घरी बोलावलं. भिंतीवर कॅलेंडर. एका शेळीचं आणि एका गाईचं दूध डेअरीला जातं, त्याचा हिशोब तारखेच्या चौकटीत लिहिलेला. दीड, दोन, दोन, दीड. आणि काही तारखांवर हिशोबाखाली ‘म’. मी विचारलं, म म्हणजे काय. “मळी. ज्या दिवशी आडाला वास आला त्या दिवशी गाय पाण्याला तोंड लावत नाही, दूध कमी होतं. डेअरीवाला विचारतो का कमी, म्हणून लिहून ठेवते.” जुलै ते सप्टेंबर एकवीस वेळा म. ऑगस्टात सलग सहा दिवस.

जुना केमिस्ट साहेब, तुमची ‘पावसाची रात्र’ आठवली.

रविवारी मोटरसायकलवर तोडीच्या मुक्कामाला जाऊन आलो, एकशेऐंशी किलोमीटर. अंधार पडताना पोचलो. कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या, बाया भाकरी थापत होत्या, गडी गाडी भरून नुकते आलेले. निवेदन वाचून दाखवलं. सह्या करणाऱ्यांनी सह्या केल्या, बाकीच्यांसाठी शाईचं पॅड नेलं होतं. एक बाई पिठाचा हात धुऊन आली, अंगठा पुढं केला आणि मध्येच थांबली. म्हणाली, “भाऊ, अंगठा दिला तर पुढच्या साली उचल मिळंल ना?” मुकादम शेजारीच मोबाइल बघत उभा होता. त्याने वर पाहिलं नाही, गेलाही नाही.

मी म्हटलं, हा कारखाना वेगळा, तो वेगळा. तिने अंगठा दिला. पण खरं सांगतो, मुकादम सगळ्या कारखान्यांना ओळखतो हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. परत येताना रस्ताभर तेच डोक्यात होतं. तिचा अंगठा घेतला हे बरोबर केलं का?

एकूण ५३ सह्या-अंगठे. चार जणांनी नको म्हटलं, त्यांना आग्रह केला नाही.

---

नीरक्षीर | १७ डिसेंबर, सकाळी ८.३०

‘खालील बाजूस वस्ती नाही’ हे वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. पान क्रमांकासह निवेदनात पहिला मुद्दा तोच घ्या. घरपट्टीच्या पावत्या जोडा. ज्या यादीमुळे नोटीस दिसली तीच यादी पुरावा म्हणून जोडता येईल, वस्तीतले थकबाकीदार असतीलच!

अंगठ्याबद्दल. तुम्ही विचारून घेतलात, नाही म्हणणाऱ्यांना सोडलंत. तरी धोका आहेच. पुढच्या वेळी निवेदन ग्रामसभेच्या ठरावाने द्या, म्हणजे एकट्यादुकट्याचं नाव पुढे येत नाही. यंदा तेवढा वेळ नव्हता.

---

जुना केमिस्ट | १७ डिसेंबर, सकाळी ८.५२

कॅलेंडरपुढे हात टेकले. कारखान्याच्या लॉगबुकात त्याच सहा दिवसांत बाष्पीभवनाचा संच चालू होता की बंद, एवढंच विचारा. बाकी काही बोलू नका.

---

गळीतहंगाम | १७ डिसेंबर, दुपारी १२.१४

खालच्या बाजूला वस्ती नाही असं लिहिलं असेल तर ते चूक आहे. मी त्याच वाटेने जातो, वस्ती आहे. सल्लागार कंपन्या पुण्यात बसून अहवाल लिहितात, जुन्या अहवालातलं नवीन अहवालात चिकटवतात. पण म्हणून कारखाना बंद पाडू नका एवढीच विनंती.

---

बांधावरचा | १७ डिसेंबर, दुपारी १२.४०

@गळीतहंगाम, दादा, हे वाक्य माइकवर म्हणाल का? फक्त ‘वस्ती आहे’ एवढंच.

---

ओसरी | २८ डिसेंबर, सायंकाळी ६.०५

धागा वर काढतेय. त्यांनी उत्तर दिलं का?

---

बांधावरचा | ७ जानेवारी, रात्री १०.२०

झाली सुनावणी. सविस्तर लिहितो.

मांडव मोठा. पुढच्या सहा रांगा सभासदांच्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आणलेले. नाव नोंदवायचं टेबल मांडवाच्या तोंडाशी, तिथे कारखान्याचाच माणूस. वस्तीतून नऊ जण आले, मागे उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या पण बसेनात. मी जाऊन चार खुर्च्या ओढल्या, तेव्हा दोघी बसल्या.

आधी सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली, अर्धी इंग्रजीत. पहिल्या तासात चौदा जण बोलले. सगळे ‘विस्तारास माझा जाहीर पाठिंबा’. एकाने तर कारखान्याच्या संस्थापकांवर कविता म्हटली. अपर जिल्हाधिकारी मॅडम होत्या, त्यांनी एकदा सांगितलं की पर्यावरणावर बोला. मग कवीने एक झाड लावायचा सल्ला दिला.

माझा नंबर आला. मी पान क्रमांक सांगून ते वाक्य वाचलं आणि विचारलं, मागे उभी असलेली माणसं कुठून आली? सल्लागार म्हणाले, ‘कायमस्वरूपी वस्ती’ असं अभिप्रेत होतं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक जण उठला. मी त्यांना ओळखत नव्हतो. म्हणाले, “मी सभासद आहे, विस्ताराला पाठिंबा आहे. पण वस्ती आहे. माझ्या लहानपणापासून आहे.” आणि बसले. @गळीतहंगाम, ते तुम्हीच असाल तर नमस्कार घ्या. नसाल तरी घ्या.

मग मावशी. माइक हातात धरता येईना, एका पोराने धरला. त्यांनी कॅलेंडर उलगडलं आणि तारखा वाचल्या. जुलै नऊ. जुलै दहा. जुलै चौदा. दुसरं काही बोलल्याच नाहीत. ऑगस्टचे सहा दिवस आले तोवर पुढच्या रांगांतली कुजबुज थांबली होती. मी केमिस्ट साहेबांचा प्रश्न विचारला, त्या सहा दिवसांचं लॉगबुक. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, “माहिती घेऊन लेखी कळवू.” मॅडमनी ते लिहून घ्यायला लावलं.

मंडळाच्या माणसाने कॅलेंडर पुरावा म्हणून मागितलं. मावशी देईनात. “दुधाचा हिशोब आहे त्यावर, डेअरीचं बिल व्हायचंय.” मांडवात हशा पिकला. शेवटी एक पोरगा गाडीवरून स्टँडजवळ जाऊन झेरॉक्स काढून आला, बारा पानांची.

शेवटी इतिवृत्त. नीरक्षीर साहेबांनी सांगितलं तसंच झालं, जेवणाची पंगत बसली आणि मांडव ओस. आम्ही पंधराएक जण राहिलो. वाचायला लागले: ‘वस्तीवरील नागरिकांनी पिण्याच्या पाण्याबाबत सूचना मांडल्या.’ मी म्हटलं, सूचना नाही, हरकती. आणि लेखी निवेदनावर ५३ सह्या-अंगठे आहेत, तो आकडा घाला. अधिकारी म्हणाले, अर्थ तोच आहे. मी म्हटलं, तोच असेल तर बदलायला काय हरकत आहे? मॅडमनी पेन घेतलं, ‘सूचना’ खोडून वर ‘हरकती’ लिहिलं, बाजूला सही केली. आकडा घातला. पोच मिळाली, शिक्क्यासकट.

पाण्याच्या लाइनचं आश्वासन माइकवर आलं, ‘सकारात्मक विचार करू’ या शब्दांत. ते तसंच लिहिलंय. त्याची किंमत काय ते तुम्हीच सांगा.

---

नीरक्षीर | ८ जानेवारी, सकाळी ९.००

‘सकारात्मक विचार’ची किंमत शून्य. समितीला आत्ताच पत्र लिहा की आश्वासन मुदतीसह आणि खर्चाच्या आकड्यासह आराखड्यात घ्यावं. सुनावणीचं इतिवृत्त आठ दिवसांत पुढे जायला हवं, त्याची प्रत मागा. पुढे समितीच्या बैठकीची टिपणं पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर येतात, त्यात तुमच्या हरकतींवर एक ओळ तरी आहे का ते बघा. मंजुरी निघाली आणि त्यात वस्तीचा उल्लेख नसेल तर हरित लवादाकडे अपिलाला तीस दिवस मिळतात. तारीख लिहून ठेवा.

---

गळीतहंगाम | ८ जानेवारी, सकाळी ९.४४

तो मी नव्हे. मी पहिल्या रांगेत होतो.

पण तो बोलला ते बरं झालं.

---

वरळीकर | ८ जानेवारी, सकाळी १०.३१

मॅडम आडावर गेल्या का?

---

बांधावरचा | ८ जानेवारी, रात्री ९.१८

@वरळीकर, नाही. उशीर झाला होता. मंडळाचा एक माणूस दुसऱ्या दिवशी येऊन बाटलीत पाणी घेऊन गेला, पंचनाम्यावर मावशींची आणि आजोबांची सही आहे. पण जानेवारीत पाणी स्वच्छच असतं. ‘पावसाळ्यात पुन्हा नमुना घ्यावा’ असं पंचनाम्यावर लिहा म्हटलं, तर म्हणाले तसा रकाना नाही. मग आजोबांनी सहीखालीच स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आकाडात परत या.’

इतिवृत्ताची प्रत अजून आलेली नाही. आली की इथे लिहितो.

---

मधमाशी | ८ जानेवारी, रात्री ९.२५

मावशींनी नवीन वर्षाचं कॅलेंडर घेतलं का?

---

बांधावरचा | ८ जानेवारी, रात्री ९.३३

हो. डेअरीवाल्याने फुकट दिलं, चौकटी बारीक आहेत. म्हणाल्या, दूध आणि म दोन्ही मावायचं नाही, दुसरं आण. उद्या तालुक्याला जाणार आहे.